विंडोज ११ टाकल्यापासून मशीन बंद पडते: मदरबोर्ड बदलण्याआधी काय पाहावं

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चुकत असेल तर इथेच कळेल. नागपुरात मानेवाड्याला घरी पाच वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० कार्ड, ४५० वॉटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), एक एनव्हीएमई एसएसडी आणि डेटासाठी जुनी १ टीबी हार्ड डिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून तुम्ही मार्चमध्ये विंडोज ११ टाकलं. तेव्हापासून दिवसातून दोन-तीनदा मशीन कधी जागच्या जागी गोठते, कधी निळी स्क्रीन येते, कधी काहीच न सांगता रीस्टार्ट होते. दुपारी जास्त. वहिनींचं टॅलीचं काम आणि मुलाचा सीईटीचा अभ्यास, दोन्ही त्याच मशीनवर. बर्डीवरच्या एका दुकानात फॉरमॅट मारून दिलं, दोन दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. दुसऱ्या दुकानात सांगितलं, मदरबोर्ड गेला. आता मदरबोर्ड बदलू की विंडोज १० वर परत जाऊ, असं तुम्ही विचारलंय.

सध्या दोन्ही नको. तुम्ही लिहिताना दोन गोष्टी जाता जाता सांगून टाकल्यात, त्या मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक, विंडोज ११ 'हे कॉम्प्युटर चालणार नाही' म्हणत होतं म्हणून बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) अपडेट करून टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) चालू केलं. दुसरी, 'त्याच वेळी ८ जीबीची आणखी एक रॅम टाकून घेतली'. म्हणजे त्या एका दिवसात फक्त विंडोज बदललं नाही. बायोस बदलला, बायोसमधली सेटिंग बदलली, रॅम बदलली आणि मग विंडोज बदललं. नाव मात्र विंडोजचं झालं, कारण समोर दिसतं तेच.

आणि फॉरमॅट मारूनही त्रास गेला नाही, ही तुमच्याकडची सगळ्यात कामाची माहिती आहे. अपग्रेड करताना जुन्या विंडोजमधले ड्रायव्हर, अर्धवट राहिलेल्या फाइली, जुना अँटीव्हायरस असं बरंच काही नव्या विंडोजमध्ये वाहून येतं आणि त्यानं मशीन अस्थिर होऊ शकते. पण फॉरमॅटनंतर ते सगळं गेलं. त्यानंतरही जे तसंच राहिलं ते मोजा: बायोस, त्याच्या सेटिंग, दोन वेगवेगळ्या रॅम, एसएमपीएस, घरातली वीज, खोलीतली गरमी, आणि तुम्ही नंतर पुन्हा टाकलेले ड्रायव्हर. चोर यातच आहे. मधले दोन दिवस बरे गेले त्याचं नवल नाही. कोऱ्या विंडोजमध्ये ब्राउझरच्या वीस टॅब नसतात, टॅली नसतं, ग्राफिक्सचा पूर्ण ड्रायव्हर यायचा असतो. मशीनवर ताणच नसतो.

मग आधी पाच वर्षं काही झालं नाही, ते आत्ताच कसं झालं? लग्नाचं वऱ्हाड घरी उतरलं की कोणती तोटी गळते नि कोणती कडी लागत नाही ते एका दिवसात कळतं. अपग्रेडचं तसंच आहे. तास-दोन तास प्रोसेसर आणि डिस्क जोरात चालतात, पुढचे एक-दोन दिवस इंडेक्सिंग आणि डिफेंडरचं स्कॅनिंग मागे सुरू असतं. नव्या विंडोजमध्ये वीज वाचवण्याच्या पद्धती वेगळ्या, ड्रायव्हर वेगळे, सुरक्षेसाठीचं व्हर्च्युअलायझेशन जास्त. काठावर चाललेला पार्ट इथे काठावरून खाली येतो. म्हणून 'अपग्रेडनंतर झालं' आणि 'अपग्रेडमुळे झालं' यातला फरक आधी शोधायचा, पैसे मग खर्च करायचे.

कुठलाही स्क्रू उघडण्याआधी टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या. रॅम खराब असेल तर मशीन बंद पडते एवढंच नाही, फाइली लिहितानाही गडबड होऊ शकते, म्हणून जुना बॅकअप पुसून त्याच जागी नवा टाकू नका, दोन्ही ठेवा. शिवाय सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा बिटलॉकर (डिस्कवरच्या डेटाला लागणारं कुलूप) चालू आहे का ते पाहा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्यानं नवं इन्स्टॉलेशन केलं की बऱ्याच मशीनवर ते आपोआप चालू होतं आणि लोकांना पत्ता नसतो. चालू असेल तर रिकव्हरी की खात्यात जाऊन कागदावर उतरवून घ्या. बायोसमध्ये टीपीएमला हात लावला की मशीन ती की मागते, आणि ती नसेल तर डेटा गेला असं समजा. रायझनच्या बोर्डांवर बायोस अपडेटनंतर कधीकधी काळ्या स्क्रीनवर एफटीपीएम (प्रोसेसरमधलं टीपीएम) रीसेट करायचं का, वाय की एन, असा प्रश्न येतो. की हाताशी नसताना वाय दाबू नका.

आता पुरावा. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येतं. तिथे दिवसागणिक तक्ता दिसतो, लाल फुल्या कधी पडल्या ते पाहा. बिघाड नेमका कोणत्या तारखेपासून आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे माणसाच्या आठवणीपेक्षा तो तक्ता चांगलं सांगतो. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडून 'विंडोज लॉग्ज'मध्ये 'सिस्टम'. तिथे कर्नल-पॉवर ४१ नक्की सापडेल आणि त्यावरूनच दुसऱ्या दुकानदारानं 'पॉवरचा एरर आहे, बोर्ड गेला' म्हटलं असावं. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झाली. कारण त्यात नसतं. त्याच नोंदीच्या 'डिटेल्स'मध्ये 'बगचेककोड' पाहा. तिथे शून्य असेल तर विंडोजला निळी स्क्रीन दाखवायलाही वेळ मिळाला नाही. वीज तुटली किंवा हार्डवेअर ठार गोठलं. शून्य नसेल तर निळी स्क्रीन आली होती, आणि १००१ क्रमांकाच्या नोंदीत तिचा कोड मिळतो.

त्याच यादीत 'डब्ल्यूएचईए-लॉगर' नावाच्या नोंदी शोधा. ही हार्डवेअरनं स्वतः केलेली तक्रार असते. १८ क्रमांकाची नोंद प्रोसेसरकडून गंभीर चूक झाल्याचं सांगते; १७ बहुतेक वेळा पीसीआय एक्स्प्रेसवर (कार्ड आणि एसएसडी बोर्डाला जोडणारा मार्ग) चूक झाली आणि दुरुस्तही झाली, अशी असते. १७ च्या शेकडो नोंदी असूनही मशीन वर्षानुवर्षं नीट चालताना मी पाहिल्यात, त्यामुळे आकडा पाहून घाबरू नका. कार्ड काढून स्लॉट साफ करून नीट बसवा, पॉवर प्लॅनमध्ये 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' बंद करून पाहा.

बंद पडण्याची तऱ्हाही खूप सांगते, म्हणून घरच्यांना सांगून ठेवा की काय झालं ते लिहून ठेवायचं. पंख्यासकट सगळं क्षणात विझून परत सुरू झालं, तर संशय वीज, एसएमपीएस किंवा गरमीवर. चित्र गोठलं आणि स्पीकरमधून एकच सूर घर्रर्र करत राहिला, तर रॅम, प्रोसेसर किंवा ग्राफिक्स. माउस हलतो पण काहीच उघडत नाही आणि अर्ध्या मिनिटानं सगळं एकदम उघडतं, तर डिस्क. त्या वेळी यादीत १२९ क्रमांकाची 'रीसेट टू डिव्हाइस' नोंद दिसते. स्क्रीन दोन सेकंद काळी होऊन परत आली, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर. निळ्या स्क्रीनचा कोड दर वेळी वेगळा, आज मेमरी मॅनेजमेंट, उद्या आयआरक्यूएल, परवा आणखी काही, तर मी सरळ रॅमकडे वळतो. दर वेळी तोच कोड आणि खाली त्याच फाइलचं नाव, तर ड्रायव्हरकडे. हे पक्के नियम नाहीत, पण सुरुवात कुठून करायची ते यातून ठरतं.

तुमच्या बाबतीत तीनही तऱ्हा एकत्र आहेत. अशा वेळी मी एक चाचणी करतो, ज्यानं अर्धा गोंधळ मिटतो: विंडोजला बाजूला ठेवायचं. लिनक्स मिंट किंवा उबुंटू (विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करा, इन्स्टॉल न करता, 'ट्राय' हा पर्याय निवडून. डिस्कला हात लागत नाही. पेनड्राइव्ह सुरूच झाला नाही तर सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी बायोसमधली सेटिंग) तेवढ्यापुरतं बंद करा, अर्थात रिकव्हरी की हाताशी ठेवून. मग मुलाला त्यावर संध्याकाळभर व्हिडिओ लेक्चर पाहू द्या आणि दुसऱ्या दिवशी नेमक्या दुपारच्या वेळी पुन्हा चालवा. तिथेही गोठली किंवा रीस्टार्ट झाली, तर विंडोज सुटलं; हार्डवेअर, बायोस किंवा वीज. तिथे दोन दुपारी टिकली, तर विंडोजमधला ड्रायव्हर हा संशय वाढतो, सिद्ध मात्र होत नाही, कारण लिनक्स ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडीला वेगळ्या तऱ्हेनं वापरतं. यात पैसे लागत नाहीत, तरी दुकानात हे क्वचितच कुणी करतं, कारण वेळ लागतो. फॉरमॅट तासाभरात होतो आणि गिऱ्हाईक मशीन घेऊन जातं.

आता रॅम. माझा पहिला संशय इथेच. जुनी ८ जीबी एका कंपनीची, नवी दुसऱ्या कंपनीची, दोन्हींवर ३२०० लिहिलेलं. रॅमवर ३२०० छापलेलं असलं तरी बऱ्याच स्टिक तो वेग बायोसमधली एक्सएमपी ही सेटिंग चालू केल्यावरच देतात, आणि एक्सएमपी म्हणजे ओव्हरक्लॉकच, ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवणं. प्रत्येक स्टिक एकेकटी त्या वेगानं चालेल; दोघी मिळून चालतीलच याची हमी कुणी देत नाही, म्हणून तर कंपन्या जोडी एका पाकिटात विकतात. त्यात बायोस अपडेटनंतर सगळ्या सेटिंग मूळपदावर येतात. दुकानदारानं रॅम टाकल्यावर एक्सएमपी पुन्हा चालू करून दिला असेल, किंवा नव्या बायोसमध्ये मेमरीचं ट्रेनिंग (मशीन सुरू होताना रॅमशी ताळमेळ बसवणं) वेगळं होत असेल. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद करा. रॅम बहुतेक २१३३ ते २६६६ च्या दरम्यान येईल. टॅली आणि ब्राउझरला तो फरक कळणारही नाही. दोन-तीन दिवस असंच चालवून पाहा. त्रास एकदम थांबला, तर तुमचा मदरबोर्ड वाचला.

थांबला नाही तर मेमटेस्ट, म्हणजे रॅमची चाचणी. विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक ठीक आहे, पण ते पास झालं म्हणजे रॅम चांगली असं मी धरत नाही. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाका, रात्री झोपताना लावा, चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एकही एरर चालत नाही. 'एकच आला, जाऊ द्या' असं रॅममध्ये नसतं. एरर आला तर एक स्टिक काढा, दुसरी प्रोसेसरपासूनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पुन्हा चालवा, मग स्टिकची अदलाबदल करून तेच. दोघी एकेकट्या पास आणि एकत्र नापास, तर जोडी जमत नाही. नवी परत करून १६ जीबीची एका पाकिटातली जोडी घ्या. एकच स्टिक प्रत्येक स्लॉटमध्ये नापास, तर ती स्टिक गेली, आणि बऱ्याच कंपन्या रॅमवर लांबची वॉरंटी देतात, बिल शोधा. चांगली स्टिक एका ठरावीक स्लॉटमध्येच नापास होत असेल, तेव्हा कुठे बोर्डाचं नाव घ्यायचं. स्टिक काढताना सोनेरी पट्ट्यांवर साधा पेन्सिलचा खोडरबर हळू फिरवून पुसून लावा. आपल्याकडे कूलरच्या हवेनं त्यावर मळ धरतो आणि कैक 'गेलेल्या' रॅम एवढ्यानंच परत येतात.

बायोसमध्ये आहात तोवर आणखी एक सेटिंग पाहून घ्या. रायझनच्या सुरुवातीच्या पिढ्यांमध्ये, तुमच्या ३००० मालिकेसकट, मशीन काम करताना नाही तर रिकामी बसलेली असताना गोठते, असा प्रकार जुना आहे. प्रोसेसर अगदी खोल झोपेत गेला की वीज इतकी कमी ओढतो की काही जुने किंवा हलके एसएमपीएस तेवढ्या कमी भाराला नीट सांभाळत नाहीत. 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' नावाचा पर्याय असतो, तो 'टिपिकल करंट आयडल' करा. वहिनी चहा करायला गेल्या आणि परत आल्या तर स्क्रीन गोठलेली, असं होत असेल तर हा उपाय सगळ्यात आधी करा. दुसरं, सगळं काही सेकंद अडखळून, आवाज फाटून परत सुरळीत होत असेल, तर ते एफटीपीएममुळेही असू शकतं. काही रायझन मशीनवर असं होतं हे एएमडीनं २०२२ मध्ये स्वतः मान्य केलं आणि नव्या बायोसमध्ये ते दुरुस्त करून दिलं. तुम्ही कोणता बायोस टाकला त्याची तारीख पाहा. दुकानदारानं पेनड्राइव्हवर पडलेला जुनाच टाकला असेल तर नवा टाकावा लागेल. हे काम लाइट जायची भीती नसेल अशा वेळी आणि यूपीएसवर करा.

आता वीज, आणि इथे नागपूरचं सांगावं लागेल. तुमचा प्रोसेसर ६५ वॉटचा, कार्ड ७५ वॉटचं. बाकी सगळं धरूनही मशीन २५० वॉटच्या पुढे जायची नाही. म्हणजे ४५० वॉट कागदावर भरपूर झाले. प्रश्न हा की स्टिकरवरचे ४५० खरे आहेत का. कॅबिनेटसोबत फुकट आलेला असेल तर माझा त्यावर विश्वास नाही. मल्टिमीटर असेल तर मोकळ्या चार-पिनी कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या तारेत १२ व्होल्ट मोजा. आधी मशीन रिकामी असताना, मग ओसीसीटीसारख्या सॉफ्टवेअरनं प्रोसेसर आणि कार्डावर एकत्र भार टाकून. ११.४ ते १२.६ ही मर्यादा. भार टाकताच ११.३ कडे घसरला तर एसएमपीएस बदला, चर्चा नको. तो उघडून कपॅसिटर पाहायला मात्र जाऊ नका. प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो. शेजाऱ्याचा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून पाहणं, हीच घरच्या घरी होणारी सगळ्यात विश्वासाची चाचणी.

एसएमपीएस चांगला निघाला तरी भिंतीतली वीज राहतेच. इतवारीतल्या एका व्यापाऱ्याची मशीन माझ्याकडे आली होती, हीच तक्रार घेऊन, अपग्रेडनंतरचीच. दुकानात माझ्या टेबलावर ती हूं की चूं न करता चालायची, परत नेली की दुपारी बंद. शेवटी तिथे जाऊन पाहिलं. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर कूलर, कॉम्प्युटर आणि प्रिंटर. कॉम्प्युटरच्या प्लगची अर्थची जाड पिन कुणीतरी कापून टाकलेली, जुन्या दोन-पिनी सॉकेटमध्ये बसावा म्हणून. सॉकेटच्या भोकाभोवती प्लॅस्टिक तपकिरी झालेलं आणि प्लग हाताला कोमट लागत होता. कूलरचा स्विच बंद केला की मोटरचा झटका थेट मशीनला, आणि मशीन रीस्टार्ट. जुन्या विंडोजमध्येही ते होतच होतं, फक्त तेव्हा 'लाइटचा झटका' म्हणून सोडून द्यायचे. स्वतंत्र पॉइंट ओढला, अर्थिंग करून घेतलं, विषय संपला.

तुम्ही एवढं करा. कॅबिनेटच्या पत्र्याला बोटाची मागची बाजू लावा. झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. दुपारी गल्लीतले सगळे कूलर-एसी चालू असताना लाइनचं व्होल्टेज किती येतं, तेही त्याच वेळी पाहून घ्या. आणि घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा किंवा पुढचा 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असा स्विच पाहा. नॉर्मलवर असेल तर लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला जास्त वेळ लागतो आणि कमी-जास्त व्होल्टेजही तो तसंच पुढे जाऊ देतो. चांगला एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, त्यापुढे नाही. पंखा-दिव्याला ते कळत नाही, कॉम्प्युटरला कळतं.

दुपारी जास्त, याचं दुसरं उत्तर अर्थातच गरमी. खोलीचं तापमान दहा अंशांनी वाढलं तर प्रोसेसरचंही जवळपास तेवढंच वाढतं. हिवाळ्यात ७५ वर चालणारा ३६०० आपल्या मे महिन्यात, नवतपात (मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत) तर विचारूच नका, त्याच कामात ९० च्या घरात जातो, आणि त्याची कमाल मर्यादा ९५ आहे. मर्यादेजवळ तो आधी वेग कमी करतो. नुसत्या गरमीनं लगेच रीस्टार्ट होईलच असं नाही. पण बोर्डावरचे व्होल्टेज सांभाळणारे भाग, एसएसडी आणि एसएमपीएस हेही त्याच हवेत तापत असतात आणि त्यांचं तापमान कुणी पाहत नाही. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून दुपारी सगळ्यांचे आकडे पाहा. बायोस अपडेटनं पंख्याच्या वेगाचीही सेटिंग मूळपदावर गेली असेल, तीही पाहा.

कूलरसमोर कॅबिनेट ठेवलं तर मशीन थंड राहील, असं बऱ्याच जणांना वाटतं. हवा थंड असते हे खरं, पण ओली असते. धूळ त्या ओलाव्यात भिजून हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमदा झाल्यासारखी बसते, आणि ती ब्लोअरनंही निघत नाही, ब्रशनं खरवडावी लागते. कॅबिनेट कूलरच्या झोताबाहेर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. पाच वर्षांत थर्मल पेस्ट बदलली नसेल तर ती वाळून चुना झाली असेल. पेस्ट स्वस्त आहे, बदलून घ्या. बाजू उघडून टेबलफॅन लावून एक दुपार चालवा: त्रास थांबला तर कारण कळलं.

एवढं सगळं स्वच्छ निघालं तरच ड्रायव्हर. चिपसेटचा ड्रायव्हर एएमडीच्या साइटवरून, ग्राफिक्सचा एनव्हिडियाच्या साइटवरून, नेटवर्क आणि साउंडचा बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' देणारी सॉफ्टवेअरं टाकली असतील तर काढा. फॉरमॅटनंतर दुकानातून हमखास तेच टाकून मिळतं. मग 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'कोअर आयसोलेशन' उघडून 'मेमरी इंटिग्रिटी' (शंकास्पद ड्रायव्हरना अडवणारी सुरक्षा) पाहा. कोऱ्या इन्स्टॉलेशनमध्ये ती बऱ्याचदा आपोआप चालू असते. बंद असेल आणि चालू करायला गेलात की न जमणाऱ्या ड्रायव्हरची यादी ती स्वतःच दाखवते. त्या यादीत काय काय निघतं! जुन्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरच्या डोंगलचा ड्रायव्हर, कधीचा विकून टाकलेल्या प्रिंटरचा, मदरबोर्डाचे रंगीत दिवे बदलणारी युटिलिटी. वहिनी रिटर्नसाठी डिजिटल सिग्नेचरचं टोकन वापरत असतील तर त्याचाही नवा ड्रायव्हर घ्या, जुन्या सीडीतला नको.

डिस्कचं थोडक्यात. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून जुन्या १ टीबीवर '०५' आणि 'सी५' (खराब जागांचे आकडे) पाहा. तिथे शून्याशिवाय काही असेल तर डेटा हलवा. 'सी७' वाढत असेल तर डिस्क नाही, साटा केबल बदला. खात्री करायची तर ती हार्ड डिस्क दोन दिवस काढूनच ठेवा. एसएसडीचं फर्मवेअर (तिच्या आतलं सॉफ्टवेअर) कंपनीच्या टूलनं अद्ययावत करा; २४एच२ आल्यावर वेस्टर्न डिजिटलच्या काही एनव्हीएमई मॉडेलवर निळ्या स्क्रीन येत होत्या आणि तो प्रकार फर्मवेअर अपडेटनंच मिटला होता.

हे सगळं तुमच्या मशीनला धरून आहे. दुसरं कुणी हे वाचत असेल आणि त्याच्याकडे इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा वरच्या श्रेणीतला डेस्कटॉप प्रोसेसर असेल, तर क्रम वेगळा. त्या चिपमध्ये जास्त व्होल्टेजमुळे कायमची झीज होते हे इंटेलनं मान्य केलंय, २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तिथे आधी बायोस, मग वॉरंटी. मशीन विंडोज ११ च्या यादीतच नसेल आणि जुगाडानं इन्स्टॉल केलं असेल, तर त्या जुन्या हार्डवेअरचे नवे ड्रायव्हर कंपनी काढणारच नाही, हे गृहीत धरून चाला. लॅपटॉप असेल तर रॅम-एसएमपीएसची अदलाबदल घरी होत नाही. तिथे लिनक्सची चाचणी, बॅटरीवर आणि चार्जरवर वेगवेगळं चालवून पाहणं आणि पंख्याची सफाई एवढंच हाती असतं.

विंडोज १० वर परत जायचं का? अपग्रेडनंतर दहा दिवसांपर्यंत 'गो बॅक' मिळतं. तुमचं फॉरमॅट झालंय, म्हणजे तो रस्ता बंदच. पुन्हा कोरं १० टाकता येईल, आणि वाढीव सुरक्षा अपडेट घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. रॅम किंवा वीज कारण असेल तर १० वरही त्रास राहीलच, फक्त कमी वेळा होईल आणि शोधायला आणखी अवघड जाईल.

तर क्रम असा ठेवा: डेटा आणि रिकव्हरी की, मग एक्सएमपी बंद, मग मेमटेस्ट, मग लिनक्सवर दोन दुपारी, मग 'टिपिकल करंट आयडल', मग वीज आणि गरमी, सगळ्यात शेवटी ड्रायव्हर. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर निदान दोन दिवस. घाईत तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुधारली, तर कशानं सुधारली ते कळणार नाही आणि उन्हाळ्यात ती पुन्हा माझ्यासारख्याच्या टेबलावर येईल. बोर्ड जातो, नाही असं नाही. पण दुसऱ्या दुकानदारानं कोणती चाचणी करून सांगितलं ते त्याला विचारा. रॅम, एसएमपीएस बदलून पाहिलं होतं का, की नुसता ४१ पाहिला.

हे करून झालं की तीन गोष्टी मला कळवा: ४१ च्या नोंदीतला 'बगचेककोड', मेमटेस्टच्या शेवटच्या स्क्रीनचा फोटो, आणि एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो ज्यात १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलंय ते वाचता येईल. तोवर वहिनींना सांगा, टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर, त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर नाही.